हुरहुरीचा गठ्ठा

शब्दकोशाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा ती शाळेच्या भूगोलाची प्रुफं तपासत होती. एकाच नदीची लांबी दोन पानांवर दोन वेगवेगळी पडली होती आणि लेखक म्हणत होता, दोन्ही बरोबर. पंधरा वर्षं या धंद्यात काढल्यावर तिचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. छापलेल्या ओळीवर नाहीच, आणि गोड बोलणाऱ्या माणसावर तर त्याहून नाही.

बाई गोड बोलत होत्या.

“तुला त्रास द्यायचा नव्हता गं. पण ‘ह’चा खंड शुक्रवारी छपाईला जातोय आणि एक गठ्ठा तुमच्या घरी अडकलाय. हुरहूर.”

“काय?”

“हुरहूर हा शब्द. त्याच्या चिठ्ठ्या तुझ्या बाबांनी घरी नेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. तेवढ्या आणून दे. आणि हे बघ, उघडून बघत बसू नकोस. क्रम बिघडतो.”

बाबा जाऊन तीन महिने झाले होते. बाबांच्या कोश कार्यालयातलं कुणी या तीन महिन्यांत घराकडे फिरकलं नव्हतं, आणि आज खुद्द बाईंना आठवण झाली होती, तीही एका शब्दासाठी. क्रम बिघडतो म्हणे. कोशाच्या प्रत्येक चिठ्ठीवर तारीख असते हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तारखा घातलेल्या चिठ्ठ्यांचा क्रम बिघडून बिघडणार किती?

गठ्ठा सापडायला वेळ लागला नाही. बाबांच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या शर्टाच्या खोक्यात तो होता. वर सुतळी, सुतळीला दोन गाठी. एरवी बाबा एकच गाठ मारत. आई पुढच्या खोलीत शिंप्याकडून आलेल्या सदऱ्यांना काजं करत होती. मधलं दार तिने लोटून घेतलं आणि गाठी सोडल्या.

कोशाचं काम कसं चालतं हे त्या घरात भांड्यांनाही ठाऊक होतं. एका शब्दाला सहा-सात उदाहरणं पुरतात. चिठ्ठीवर वर शब्द, मधे वाक्य, खाली ते कुठून घेतलं त्याची नोंद. पुस्तकातलं असेल तर पान. कानावर पडलेलं असेल तर दोन रकाने, बोलणाऱ्याचं नाव आणि ऐकणाऱ्याची सही. मनाने रचलेलं वाक्य चालत नाही. बाबा या एका नियमाबद्दल इतके कडक होते की जेवताना कुणी थाप मारली तरी म्हणत, “आधार दाखव.”

हुरहुरीला पुस्तकांतली नऊ वाक्यं होती. ती बाजूला काढल्यावर ऐकीव राहिली, ती तिने मोजली. एकसष्ट. पहिली चिठ्ठी सत्तावीस वर्षांपूर्वीची होती.

“सगळी कामं आटोपून हात रिकामे झाले की हुरहूर लागते. काम चालू असतं तोवर ती दारात उभी राहून वाट बघते.”

“ह्या घरात सगळं माझंच आहे, तरी चारच्या उन्हात घर परकं दिसतं आणि हुरहूर लागते.”

“माणूस गावाला गेलं की हुरहूर लागते हे समजतं. पण ते परत आलं तरी जात नाही, मग तिला काय म्हणायचं?”

“तो आला की बरं वाटतं असं नाही गं. तो येईल येईल असं वाटतं तेवढा वेळ बरं वाटतं. आला की पुन्हा हुरहूर.”

एकच बाई बोलत होती. त्याबद्दल तिला शंका नव्हती. वेगवेगळ्या लेखकांची वाक्यं वाचण्यात जन्म गेल्यावर एका माणसाचा श्वास ओळखू येतो. ही बाई हुशार होती, स्वतःवर हसणारी होती आणि कुणासाठी तरी झुरत होती. ऐकणाऱ्याच्या रकान्यात बाबांची लपेटदार सही होती. बोलणाऱ्याच्या रकान्यात दर वेळी एक आडवी रेघ.

तिने फोनमधलं कॅलेंडर काढलं आणि तारखांचे वार लावायला घेतले. बुधवार. बुधवार. बुधवार. चार चिठ्ठ्या सोडल्या तर सगळे बुधवार, सलग एकोणीस वर्षांचे. त्या चार चिठ्ठ्यांवर दोन्ही रकाने कोरे होते. गडबडीत राहिले असतील, असं धरून तिने त्या खाली सरकवल्या. बुधवारच्या चिठ्ठ्या आठ वर्षांपूर्वी एका तारखेला तोडल्यासारख्या थांबल्या होत्या. एक तर ती बाई सोडून गेली होती, किंवा ती वारली होती.

बुधवारी बाबा कुठे असत हे तिला पाठ होतं. वाचनालयात, जुनी मासिकं उतरवून घ्यायला. लहानपणी तिने एकदा मागे लागून विचारलं होतं, मी येऊ का? ते म्हणाले होते, तिथे बोलायला बंदी आहे, तुला जमणार नाही.

सगळ्यात तळाशी व्याख्येचे कच्चे कागद निघाले. नऊ होते आणि नऊच्या नऊ खोडलेले. ‘दूर असलेल्या प्रिय व्यक्तीसाठी मनाला लागलेली उदास ओढ’ असं लिहून ‘दूर’ खोडलं होतं. वर ‘जवळ’ लिहिलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह. दुसऱ्या कागदावर ‘प्रिय’ खोडलं होतं.

“काय गं, सापडलं का?” बाहेरून आईने विचारलं.

“बघतेय.”

“दार कशाला लावलंस? तुझ्या बापाची सवय घेऊ नकोस.”

मंगळवार तिने आईवर नजर ठेवण्यात घालवला. नवरा गेलेल्या बाईसारखी आई वागत नव्हती, हे तिला आजवर जाणवलं नव्हतं. आता जाणवलं. आई वेळेवर जेवत होती, शिंप्याच्या नोकराशी घासाघीस करत होती, एक टाका चुकला तर उसवून पुन्हा घालत होती. हिला माहीत होतं की काय? की माहीत नव्हतं म्हणूनच ही अशी निर्धास्त होती? तिने बाबांच्या कोटाचे खिसे तपासले. एका खिशात पेन्सिलीचा तुकडा होता, दुसऱ्यात काहीच नव्हतं. इतके रिकामे खिसे तिला मुद्दाम रिकामे केल्यासारखे वाटले. संशयाला बाहेर खायला मिळालं नाही की तो घरातल्या वस्तू कुरतडायला लागतो.

ती आईच्या बाजूची होती, हे तिने मनाशी पक्कं केलं. या वयात आईला हे कळता कामा नये. पण स्वतःला कळल्याशिवाय बाबांसाठी नीट रडताही येणार नव्हतं. तीन महिने तिने जे रडणं पुरवून पुरवून वापरलं होतं, ते कोणत्या माणसासाठी होतं, हे तिला हवं होतं.

बुधवारी ती रिकाम्या हाताने कार्यालयात गेली. दारातच डिंककाका भेटले. चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता त्यांची चाळीस वर्षं गेली होती आणि खरं नाव आता त्यांनाही चटकन आठवत नसावं.

“अगं ये ये. बापाच्या टेबलाची खुर्ची बघ, अजून कुणी बसत नाही तिच्यावर. डुगडुगते.”

“काका, बुधवारी बाबा वाचनालयातून इथे परत यायचे का?”

“वाचनालय दीड वाजता बंद व्हायचं बुधवारी. नंतरचं काम तो घरून करायचा. तशी परवानगीच होती त्याला.” काकांनी बोटाला लागलेला डिंक टेबलाच्या कडेला पुसला. “का गं?”

“सहज.”

घरी बाबा बुधवारी साडेतीनच्या आधी येत नसत. घरच्यांना वाचनालय सांगायचं, कार्यालयाला घर सांगायचं, आणि मधले दोन तास आपल्या खिशात घालायचे. कच्च्या चोराचं काम नव्हतं हे. बाबांच्या अक्षरासारखंच नेटकं होतं.

“हुरहुरीचं आणलंस का?” काकांनी आवाज उतरवून विचारलं. “बाई आमच्या डोक्यावर बसल्यात. आम्ही गमतीने म्हणायचो गं, काय मालक, आज हुरहूर काय म्हणते? तो नुसता हसायचा. वाईट वाटून घेऊ नकोस.”

म्हणजे सगळ्या कार्यालयाला माहीत होतं.

संपादकबाई साठीच्या घरात होत्या. अजून ताठ बसत, बारीक काळजीपूर्वक हसत. त्यांचं कपाळ, त्यांची बोटं, पेल्यावर झाकण ठेवायची त्यांची पद्धत, सगळं तिने त्या एकसष्ट वाक्यांना लावून पाहिलं. ही बाई ‘तो येईल येईल असं वाटतं’ म्हणेल का? म्हणेलही. ताठ बसणाऱ्या माणसांचा भरवसा नाही.

“उघडलास ना गठ्ठा?” बाई म्हणाल्या.

“हो.”

“मला वाटलंच. म्हणून सांगितलं होतं.”

“बोलणारी कोण आहे, बाई?”

“तेच मी तुझ्या बाबांना आठ वर्षं विचारत होते. ऐकीव वाक्याला बोलणाऱ्याचं नाव लागतं, त्याशिवाय मी छापू कसं? ते म्हणायचे, नाव देता येत नाही. मी म्हटलं, मग सोडून द्या ती वाक्यं, पुस्तकातली नऊ आहेत की. तर म्हणाले, नऊच्या नऊ खोटी आहेत, ही ऐकलेली तेवढी खरी आहेत. आणि गठ्ठा बांधून घरी घेऊन गेले.” बाईंनी झाकण उचललं आणि पुन्हा ठेवलं. “मला वाटलं, असेल कुणी. माणूस म्हटला की असतं. तुझ्या आईच्या हाती पडू नये एवढंच मला वाटत होतं. म्हणून भेटायलाही आले नाही बघ. तिच्याकडे बघून काय बोलायचं, सुचेना.”

बाईंवरचा संशय तिथेच गळून पडला, आणि त्याचं तिला वाईटच वाटलं. निदान माणूस समोर बसलेलं तरी असतं.

संध्याकाळी आईने खिडकीशी बैठक मांडली होती. मांडीवर सदरा, दातात दोरा. तिने ठरवलं होतं की गठ्ठ्याचा विषय काढायचा नाही. पण बाबांच्या दोन तासांचा हिशेब लागत नव्हता, आणि चुकलेला मजकूर डोळ्यांपुढे ठेवून गप्प बसणं तिला कधी जमलं नव्हतं. तिने अगदी साधेपणाचा आव आणला.

“आई, एका पुस्तकात वाक्य आलंय. ऐक हं, बरोबर वाटतं का सांग. ‘ह्या घरात सगळं माझंच आहे, तरी चारच्या उन्हात घर परकं दिसतं आणि हुरहूर लागते.’”

आईने दोरा तोडला.

“चारच्या नाही. तीनच्या.”

“काय?”

“तीनच्या उन्हात, म्हटलं होतं मी. चारला इथे ऊन असतं कुठे? समोरची इमारत येते मधे.” आईने सदरा बाजूला ठेवला. “कुठल्या पुस्तकात आलं गं हे?”

तिने उठून खोका आणला आणि आईच्या पुढ्यात ठेवला. आईने चष्मा लावला आणि शिंप्याचं माप बघावं तशी एकेक चिठ्ठी उजेडात धरून वाचू लागली. मधेच “हं” म्हणायची. एका चिठ्ठीवर हसली.

“हे सगळं तू बोललीस? बाबांशी?”

“बाबांशी कशाला? ताईशी. फोनवर. दर बुधवारी दोनला फोन करायची ती, तू शाळेत असायचीस.”

थोरली मावशी आठ वर्षांपूर्वी गेली होती. तारीख तिने मनातल्या मनात पडताळून पाहिली. जुळत होती.

“आणि बाबांनी हे ऐकलं कुठून?”

“जिन्यावरून. फोन दाराशीच होता ना आपला. अर्ध्या जिन्यात बसायचे. फोन संपला की पाच मिनिटं थांबून वर यायचे, नुकतं आल्यासारखं.”

“तुला माहीत होतं?”

“इतकी वर्षं त्याच चपला ऐकत होते मी. पंधराव्या पायरीवर थांबल्या की कळतं.”

“म्हणजे तुला माहीत होतं ते ऐकतायत, तरी तू बोलत होतीस?”

“अगं, म्हणून तर बोलत होते.” आईला तिच्या मंदपणाचा किंचित कंटाळा आला होता. “ताईला कुठे धड ऐकू यायचं. ती तिकडून भाजीचे भाव सांगायची, मी इकडून हे. मला वाटायचं, आज ऐकून वर येतील आणि विचारतील, काय होतंय तुला म्हणून. मग दार लावून बसायचे खोलीत. मला काय माहीत, आत जाऊन हे उतरवून काढतायत.”

“मग थेट का नाही सांगितलंस त्यांना?”

“काय सांगणार? दात दुखतो का माझा, की इथे दुखतो म्हणून बोट दाखवू?”

ती त्या व्याख्येच्या खोडलेल्या कागदांकडे पाहत राहिली. दूर, जवळ, प्रश्नचिन्ह. बायको कुणासाठी झुरते आहे हे शोधायला या माणसाने एकोणीस वर्षं जिन्यावर काढली होती. पुरावे गोळा केले, तारखा घातल्या, सह्या केल्या, आणि आरोपीला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बोलणाऱ्याचं नाव लिहावं लागलं असतं.

“त्यांना वाटलं असेल, दुसरा कुणी आहे,” ती म्हणाली. “तू ‘तो’ म्हणतेस इथे.”

“ताईशी बोलताना ‘तो’च म्हणायचे मी त्यांना. तुमच्यासमोर ‘ते’.”

“मग बाबाच ना? त्यांचीच हुरहूर ना?”

आई खिडकीतून बाहेर बघू लागली. समोरच्या इमारतीत कुणीतरी चादरी झटकत होतं.

“असेलही. कशाची ते कळलं तर तिला हुरहूर कोण म्हणेल?”

फारच घोटीव उत्तर होतं. असं वाक्य माणसाच्या तोंडून पहिल्यांदा निघत नाही, आधी मनात बराच काळ वापरून गुळगुळीत झालेलं असतं. तिला आईचा संशय आला. त्या संशयात, तीन महिन्यांत पहिल्यांदाच, आपण बाबांच्या शेजारी पायरीवर बसलो आहोत असंही तिला वाटलं.

आई पुन्हा चिठ्ठ्यांकडे वळली होती. तळाची एक हातात घेऊन ती थांबली.

“हे माझं नाही.”

“दाखव.”

“‘सायकल खाली लावताना वरच्या खिडकीत दिवा दिसला नाही, की जिना चढून होईपर्यंत हुरहूर.’” आईने चिठ्ठी उलटीपालटी केली. “मला सायकल येते कुठे?”

दोन्ही रकाने कोरे असलेल्या चार चिठ्ठ्या. तिने त्या खेचून घेतल्या. तिसरी उजेडात धरली. “पलंगावरून एक पाण्याची टाकी दिसते. तिच्यावर पक्षी बसला की तो उडेपर्यंत बरं असतं.” पुढे शब्द लिहायचा राहिला होता किंवा हात थकला होता. तारीख पाच महिन्यांपूर्वीची, दवाखान्यातली. त्या दुपारी पलंगाशेजारच्या खुर्चीवर तीच बसली होती, मांडीवर प्रुफं घेऊन. बाबांनी पेन्सिल मागितली होती. तिने वर न बघता दिली होती.

रचलेलं वाक्य चालत नाही म्हणणाऱ्या माणसाने चार वाक्यं बाजूला लिहून ठेवली होती. बोलणारा तोच होता, आणि ऐकणारं कुणी नव्हतं. त्याने खोटी सही केली नाही, एवढा त्याचा प्रामाणिकपणा.

मग आईने चष्मा काढून पुसला. डोळे नाही पुसले.

“त्या बाईंना बोलणाऱ्याचं नाव हवंय ना? माझं घाल. पूर्ण घाल, माहेरचंसुद्धा. आणि चारच्या उन्हाचं तेवढं तीन कर.”

“आणि या चार?”

“या राहू देत.”

“बाई मोजतील, आई. त्यांना आकडा माहीत असणार.”

“मोजू देत की.” आईने त्या चार चिठ्ठ्या शिंप्याच्या सदऱ्याखाली सरकवल्या आणि सुईत दोरा ओवायला घेतला. दोन वेळा तो चुकला.

शुक्रवारी सकाळी संपादकबाईंनी सुतळी सोडली, बोट ओलं केलं आणि मोजायला घेतलं. बोलणाऱ्याच्या रकान्यातलं नाव त्यांनी पहिल्याच चिठ्ठीवर वाचलं होतं. त्यांची मान तिथे जराशी अडली, पण मोजणं चालू राहिलं.

“तुझी आई,” शेवटी त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि आम्ही सगळे इतकी वर्षं...” बाईंनी वाक्य सोडून दिलं. गठ्ठा टेबलावर आपटून त्यांनी कडा सारख्या केल्या. “सत्तावन्न भरल्या. एकसष्ट होत्या.”

“नाही बाई. सत्तावन्नच.”

“दवाखान्यातून फोन करून आकडा सांगितला होता त्यांनी.”

“मोजताना चूक होते कधी कधी.”

आपल्या बापाची मोजणी कधी चुकत नसे हे ती जाणून होती, आणि बाईही जाणून होत्या. बाईंनी मान वर केली. गेले चार दिवस ती स्वतः ज्या नजरेने कोटाचे खिसे, आईचे टाके आणि याच बाईंची बोटं तपासत आली होती, ती नजर आता तिच्यावर होती. तिने आपली नजर हलू दिली नाही. समोरच्या पेल्यावरचं झाकण उचलून ती सावकाश पाणी प्यायली.

“व्याख्येचं काय?” बाईंनी विचारलं.

“आई म्हणते, पुस्तकातली नऊ वाक्यं घाला आणि ही घाला. व्याख्या लिहू नका.”

“कोश आहे हा. असं चालत नाही.”

“मी सांगितलं तिला. ती म्हणाली, मग त्या बाईंनाच लिहू दे.”

बाईंनी खण उघडून एक कोरा कागद काढला, वर शब्द लिहिला, आणि पेन तिथेच टेकवून बसून राहिल्या.